कुंड्यांतल्या मातीवर चिलटं झालीत, औषध न फवारता कशी घालवू?

आधी पाणी तोडा. अळ्या वरच्या दोनेक इंच ओल्या मातीतच वाढतात. बोट खुपसून बघा, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी घाला. आमच्या लातुरात नळ आला की आई हौसेनं सगळ्या कुंड्या तुडुंब भरायची, घोळ तिथंच होता.

मातीवर कच्च्या बटाट्याची चकती ठेवा. दोन दिवसांनी उलटा: काळ्या डोक्याच्या, पांढुरक्या, दोऱ्यासारख्या अळ्या चिकटलेल्या दिसतील. चकतीसकट फेका, नवी ठेवा.

उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट सापळा, कापसात पांढऱ्या माशीला लावतात तोच. कृषी सेवा केंद्रात मिळतो. अळ्यांसाठी मातीत निंबोळी पेंड मिसळली तरी चालते, वास मात्र सोसावा लागतो. हे सगळं 3-4 आठवडे चालू ठेवा, कारण मातीतल्या अंड्यांतून नवी चिलटं निघतच राहतात.