एका घराची दोन टॅक्स बिलं

प्रश्न: आमचं घर त्रिमूर्तीनगरात आहे. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवर, वडिलांच्या नावे. वडील २०१७ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. घरटॅक्स अजून त्यांच्याच नावानं येतो आणि मी दरवर्षी भरतो. २०२१ मध्ये वर ७०० चौरस फुटांचा मजला चढवला, तिथं शिकणारी मुलं भाड्यानं राहतात. खालच्या ८५० फुटांत आई, मी आणि पत्नी. समोरच्या खोलीत पत्नी ब्लाउज शिवते. यंदा दोन बिलं आली. एक नेहमीचं, जुन्या इंडेक्स नंबरचं (महापालिकेच्या दप्तरातला घराचा क्रमांक). दुसरं नव्या नंबरचं, माझ्या नावावर ‘भोगवटादार’ म्हणून, क्षेत्रफळ १५५० फूट, वापर मिश्र, आणि थकबाकी २०१८-१९ पासून. शिवाय प्रन्यासचं भूभाडं आहेच. एकाच जागेचा पैसा तिघांना का द्यायचा? मावसभाऊ म्हणतो, नवं बिल गपचूप भरून टाक, तुझं नाव लागलंय, घर तुझं होईल; बहीण अमरावतीला आहे, तिला कळवायची गरज नाही. ५०० फुटांपर्यंत माफी आहे असंही ऐकतो. काय करावं?

उत्तर: वडिलांच्या नावाचं, जुन्या नंबरचं बिल आधी भरून टाका. त्यात वाद नाही आणि ते अडवून तुमचा काही फायदा नाही. मुदतीत न भरलेल्या रकमेवर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) चढते, म्हणजे वर्षाला २४. गृहकर्जसुद्धा इतकं महाग पडत नाही. नाव वडिलांचं आहे म्हणून पावती वाया जात नाही. कर घरावर बसतो, आणि थकला तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे त्याचा पहिला बोजाही घरावरच राहतो, मग नोंदीत नाव कोणाचंही असो.

दुसरं बिल मात्र आहे तसं भरू नका. कपाटात टाकूनही ठेवू नका. तुमच्या घराचा खरा गुंता त्या बिलात आहे, म्हणून ते ओळीनं वाचू या.

क्षेत्रफळ बघा. खालचे ८५० आणि वरचे ७०० मिळून १५५० होतात. म्हणजे सर्व्हेवाल्यांनी वरचा मजला नव्यानं मोजला, पण खालचा मजला आधीच जुन्या नंबरवर आहे हे जुळवून पाहिलं नाही. खालच्या मजल्यावर दोनदा आकारणी झाली आहे. असे घोळ नागपुरात नवे नाहीत. जुना नंबर वडिलांच्या नावावर असतो, मोजायला आलेला माणूस दारात जो भेटेल त्याचं नाव लिहून नेतो, आणि एका फाटकामागे दोन मालमत्ता तयार होतात.

यावर मागणी काय करायची? बरेच जण ‘जुना नंबर बंद करा’ असं लिहून देतात. तुम्ही तसं करू नका. जुना इंडेक्स नंबर कायम ठेवून त्यातच वरचा मजला वाढवा, नवा नंबर रद्द करा, आणि नव्या नंबरवर काही रक्कम जमा झाली असल्यास ती जुन्यावर वळती करा, असं मागा. वडिलांच्या काळापासूनच्या पावत्या, लीजडीड, प्रन्यासची कागदपत्रं हे सगळं त्या जुन्या नंबरच्या सोबतीनं चालत आलंय. ती साखळी उद्या वारस नोंदीला, लीजच्या कामाला आणि विक्रीला कामी येते.

वरच्या मजल्याचा कर तुम्हाला द्यावाच लागेल, हेही सांगतो. नवं बांधकाम पूर्ण झालं की महापालिकेला लेखी कळवणं हे मालकाचं काम आहे, ते तुमच्याकडून राहिलंय. म्हणून अर्जात ‘आम्हाला कर नको’ असा सूर लावू नका. ‘७०० फुटांची योग्य आकारणी करा, आम्ही भरायला तयार आहोत’ असं लिहा. अधिकाऱ्यालाही मग फाइल पुढे सरकवायला सोपं जातं.

आता थकबाकी. मजला २०२१ मध्ये चढला आणि बाकी २०१८-१९ पासून! नसलेल्या मजल्याचा कर लागत नाही. पुरावा घरातच सापडेल. वरच्या मजल्याला महावितरणचा वेगळा मीटर असेल तर तो कधी बसला ती तारीख काढा. स्लॅबच्या वेळची सिमेंट-लोखंडाची बिलं, ठेकेदाराला दिलेले धनादेश, पहिल्या भाडेकराराची तारीख, यातलं जे मिळेल ते जोडा. आणखी एक मुद्दा आहे. आकारणी पुस्तकात वर्षाच्या मध्येच दुरुस्ती केली तर कराधान नियम २० प्रमाणे ती त्या चालू वर्षापुरती मागे जाते, त्याआधीच्या वर्षांत शिरत नाही. मागच्या वर्षांवर हात घालायचा असेल तर महापालिकेला त्यासाठीचा वेगळा अधिकार आणि वेगळी नोटीस दाखवावी लागेल. ते कशाच्या आधारे केलं, हे लेखी विचारा.

नोटिशीवरून आठवलं. मालमत्ता पहिल्यांदा नोंदली जाते किंवा तिचं करयोग्य मूल्य (ज्या रकमेवर कर बसतो ती) वाढतं, तेव्हा मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते आणि हरकतीची मुदत त्या नोटिशीतच लिहिलेली असते. ती तुम्हाला मिळाली का, याचा पत्रात उल्लेख नाही. घरी विचारा. फाटकावर चिकटवलेला, आईनं देवघराच्या कोनाड्यात ठेवलेला एखादा कागद निघतो बरेचदा. नोटीस मिळाली असेल आणि मुदत शिल्लक असेल तर आजच हरकत द्या. मिळालीच नसेल तर हरकतीतला पहिला मुद्दा तोच करा.

‘मिश्र वापर’ हा शब्द तुम्हाला सर्वांत महाग पडतोय. बिलात सामान्य कराखाली बऱ्याच ओळी असतात, त्यात रोजगार हमी उपकराची ओळ शोधा. हा राज्य सरकारचा उपकर फक्त अनिवासी वापरावर लागतो. तिथं आकडा दिसला तर महापालिकेनं घराचा काही भाग दुकान म्हणून धरलाय हे नक्की. शिक्षण उपकराचा दरही अनिवासी भागाला चढा असतो.

तो भाग कोणता धरलाय, हे महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारा. वर मुलं राहतात म्हणून धरला असेल तर ते चूक आहे. भाडेकरू तिथं राहतोय, धंदा करत नाही. भाड्याच्या भागाला स्वतः राहण्याच्या भागापेक्षा वेगळा, चढा दर लागू शकतो, पण तो निवासी भाड्याचा. मात्र तुम्ही खाटा भाड्यानं देऊन मेस वगैरे चालवत असाल तर माझं उत्तर बदलेल. पत्नीच्या शिवणकामाचं म्हणाल तर घरच्या खोलीत एक मशीन, बाहेर बोर्ड नाही, शटर नाही, दुकान म्हणून नोंदणी नाही, अशी स्थिती असेल तर खोली निवासीच आहे असं ठामपणे मांडा. वीज घरगुती दरानं येते, ते बिल जोडा. बोर्ड लावला असेल तर तेवढ्या खोलीपुरता अनिवासी दर मान्य करावा लागेल. आख्ख्या ८५० फुटांना नाही. लीजडीडही एकदा वाचून घ्या. त्यात फक्त निवासी वापराची अट असेल तर महापालिकेच्या दप्तरात वाणिज्य वापराची नोंद राहू देणं पुढे प्रन्यासकडे त्रासाचं ठरेल.

करयोग्य मूल्याचा हिशेबही मागून घ्या. वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून उरतं ते करयोग्य मूल्य. भाडेमूल्य ४०,००० धरलं तर ३६,००० वर कर. बिलात ‘शास्ती’ दिसली तर ती कोणती, हेही विचारा, कारण शास्ती दोन प्रकारची असते. उशिराची २ टक्के वेगळी, आणि विनापरवानगी बांधकामावर कराच्या दुप्पट लागू शकते ती कलम २६७ अ ची वेगळी. वरच्या मजल्याचा नकाशा मंजूर आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मंजूर असेल तर त्याची प्रत अर्जाला लावा. नसेल तर हरकत देण्याआधी एखाद्या वास्तुविशारदाला भेटा. टॅक्स भरल्यानं बांधकाम नियमित होत नाही.

पैसा तिघांना जातोय असं तुम्हाला वाटतं, पण मागणारे दोघंच आहेत. दोन्ही बिलं महापालिकेची आहेत. प्रन्यास जमिनीची मालक म्हणून भूभाडं घेते आणि महापालिका शहराच्या सोयींसाठी कर घेते. जमीन एक वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजवर घेऊन त्यावर ज्यानं घर बांधलं, कर त्यानंच द्यायचा, असं कलम १३९ सांगतं. एकाची पावती दुसऱ्याकडे चालत नाही. भूभाडं थकवू नका, तो लीजच्या अटींचा भंग ठरतो.

५०० फुटांची माफी मुंबई महापालिकेच्या हद्दीतली आहे. नागपूरच्या बिलाशी तिचा संबंध नाही.

आता मावसभावाचा सल्ला. तो ऐकू नका. टॅक्स पावतीवर नाव लागल्यानं कोणी मालक होत नाही. दप्तरातल्या फेरफारानं मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सावर्णी विरुद्ध इंदर कौर या १९९६ च्या निकालात सांगितलं आणि नंतरही अनेकदा सांगितलं आहे. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू होतो असं धरतो. वडील मृत्युपत्राविना गेले आणि मागे तुम्ही तिघंच असाल तर आई, तुम्ही आणि बहीण यांचा सारखा, प्रत्येकी एकतृतीयांश हक्क आहे. बहिणीचं लग्न कधी झालं, ती कुठं राहते यानं त्यात फरक पडत नाही. तिला न कळवता तुमचं एकट्याचं नाव लावलं तरी तिचा हिस्सा जागेवरच राहील, आणि उद्या ती कोर्टात गेली तर तुम्ही लपवाछपवी केली एवढंच त्यातून सिद्ध होईल.

वारसानं महापालिकेला मृत्यूनंतर एका वर्षात कळवायचं असतं. ती मुदत कधीच गेली, पण म्हणून दार बंद झालेलं नाही. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि ताजी पावती लावून तिघांच्या नावे वारस नोंद मागा. ही सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली येते, त्यामुळे फाइल अडली तर अपील करता येतं. प्रन्यासकडे लीजची वारस नोंद वेगळी करावी लागेल. बहीण मनानं हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच घ्या. नुसत्या बाँडवर सही घेऊन हे काम होत नाही. पण आधी तिला फोन करून सगळं सांगा. आई हयात असताना हे मिटलं तर उत्तम. माझ्याकडे येणारे भावाबहिणीचे दावे पुष्कळदा घरात न झालेल्या बोलण्यातून उभे राहिलेले असतात.

नामांतराचं काम सवडीनं करा. हरकतीचं या आठवड्यात. अर्ज लक्ष्मीनगर झोनच्या कर विभागात द्या. त्यात दोन्ही इंडेक्स नंबर, दोन्हीकडची क्षेत्रफळं आणि चार मागण्या लिहा: दुहेरी नोंद रद्द करावी, प्रत्यक्ष मोजणी करावी, वापर निवासी नोंदवावा, २०२१ पूर्वीची बाकी काढावी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेबांशी बोललोय, पुढच्या बिलात कमी होऊन येईल’ हे कागदावर नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि तोवर २ टक्के चालूच राहतात. फाइलमध्ये काय आहे ते दाखवत नसतील तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करून मोजणीपत्रक आणि नोटीस बजावल्याचा अहवाल मागा.

कोणी जुन्या नागपूर महापालिका कायद्याची कलमं दाखवली तर लक्षात ठेवा, १९४८ चा तो कायदा २०१२ मध्ये गेला. आता इथं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चालतो, आणि वरची कलमं व नियम त्यातलेच आहेत.

सुनावणीला बोलावलं की स्वतः जा, मोजणीच्या वेळी घरी थांबा आणि पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही करू नका. निकाल पटला नाही तर कलम ४०६ खाली न्यायाधीशाकडे अपील करता येतं, पण त्यासाठी फक्त १५ दिवस मिळतात. आधी हरकत दिलेली असावी लागते आणि मागितलेली रक्कम भरावी लागते. म्हणून निकालाची प्रत हातात पडली की तारीख लिहून ठेवा आणि ती प्रत, दोन्ही बिलं व शिक्क्याची पोच घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.