वाचकांचे प्रश्न : ‘वादळ येणार म्हणाले, आमच्याकडे तर काहीच झालं नाही’

जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते, या दोन चक्रीवादळांच्या इशाऱ्यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : निसर्गच्या वेळी अख्खी मुंबई दारं लावून बसली आणि वादळ वाकडी वाट करून गेलं. पुढच्या वर्षी तौक्ते गुजरातला चाललंय म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो, तर इमारतीसमोरची तीन झाडं गाड्यांवर कोसळली. मग हवामान खात्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? (दादर)

दोन्ही वेळी इशारा बरोबर होता. लोकांनी त्यातला किनाऱ्यावरचा ठिपका तेवढा पाहिला आणि ठिपक्याभोवतीचा पट्टा सोडून दिला. वादळाच्या नकाशावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा असतो. वादळाचं केंद्र त्या पट्ट्यात कुठूनही जाऊ शकतं. चोवीस तास आधीच्या अंदाजातही केंद्राच्या जागेत पन्नास-पाऊणशे किलोमीटरचा फरक पडणं ही आजची सर्वसाधारण मर्यादा आहे. कुलाब्यापासून अलिबाग सरळ रेषेत तीसेक किलोमीटर आणि श्रीवर्धन शंभरेक किलोमीटर. म्हणजे मुंबई आणि श्रीवर्धन एकाच इशाऱ्यात येणारच.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत १३० पर्यंत जात होते. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. ईशान्येकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला वाऱ्याचा वेग आणि वादळाची स्वतःची गती यांची बेरीज होते आणि वारा समुद्राकडून जमिनीवर येतो. डाव्या हाताला वजाबाकी होते आणि वारा बहुतांशी जमिनीकडून समुद्राकडे जातो. मुंबई डाव्या हाताला राहिली. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै, दापोली, मंडणगड उजव्या हाताला सापडले आणि तिथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. केंद्र पन्नास-साठ किलोमीटर उत्तरेला सरकलं असतं, तर मुंबईकर आज हा प्रश्न विचारत नसते.

तौक्तेचं केंद्र महाराष्ट्राच्या जमिनीवर आलंच नाही. ते १७ मे २०२१ च्या रात्री दीवजवळ गुजरातच्या किनाऱ्यावर आदळलं. पण त्याचा घेर मोठा होता आणि आपल्या किनाऱ्याला समांतर जाताना ते अधिक तीव्र झालेलं होतं. त्या दिवशी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले आणि दिवसभरात दोनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. ‘वादळ गुजरातला धडकणार’ एवढंच डोक्यात ठेवलं की असा घोटाळा होतो. वादळ कुठे धडकणार हे जरूर पाहा, पण त्याआधी इशाऱ्यात आपल्या जिल्ह्याच्या ओळीत वाऱ्याचा आकडा किती लिहिला आहे तो पाहा.

त्याच वेळी बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज (कामगारांच्या राहण्याचा तराफा) नांगर सुटून वाहत गेला आणि बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, त्यांतली सत्तरहून अधिक दगावली. वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून सुरू होते. इशारा पोचणं आणि इशाऱ्यावर निर्णय होणं यांत केवढं अंतर राहू शकतं, ते इथे दिसलं.

प्रश्न : यलो, ऑरेंज, रेड यांतला फरक कळत नाही. यलो म्हणजे दुर्लक्ष करा, असंच सगळे समजतात. (वेंगुर्ले)

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण एकाच रंगांच्या दोन पद्धती एकाच वेळी चालू असतात.

रोजच्या अंदाजात जिल्ह्यापुढे जो रंग येतो तो परिणामाचा असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हवामान खात्याच्या चक्रीवादळाच्या खास पत्रकातला रंग वेळेचा असतो. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना येते. किमान ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी केशरी आणि १२ तास आधी लाल, अशा पायऱ्या असतात. म्हणजे चक्रीवादळाचा पिवळा रंग हा ‘किरकोळ’चा नसून ‘अजून दोन दिवस हातात आहेत’ असं सांगणारा असतो. सगळ्या कामांचा हाच खरा मोका. केशरी लागेपर्यंत पत्रे, झाडं, होड्या, औषधं, पाणी यांची कामं उरकलेली असावीत. लाल रंग लागल्यावर छपरावर चढणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

वेगाचे शब्दही ठरलेले आहेत. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचला की चक्रीवादळ, ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र. हा वेग तीन मिनिटांची सरासरी असतो, झोत त्याहून जोरदार असतात. नासधूस झोत करतात, म्हणून पत्रकातला दुसरा, मोठा आकडा लक्षात ठेवा.

बंदरावरचा बावटा ही तिसरी गोष्ट. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे बंदरालाच खराब हवामानाचा धोका आहे. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. अकरा नंबर म्हणजे हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे. अकराला कोणी सौम्य समजू नये.

प्रश्न : निसर्गमध्ये पत्रे उडाले. नवीन घातले आहेत. वर चिरे ठेवले की पुरे होईल का? (दापोली तालुका)

नाही. हिशेब करून पाहा. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६७ किलो भरतो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्र्यावर तो २१५ किलोच्या आसपास जातो, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम पंधरा किलो. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना वारा वर ओढतो, तिथे ही ओढ दुपटीपर्यंत जाते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून ‘साठच्या वाऱ्यात टिकले होते’ याला काही अर्थ नाही. वरचे चिरे पत्र्याबरोबर घसरतात आणि खाली उभ्या माणसाच्या डोक्यात पडतात.

पत्रा बहुतेक वेळा बोल्ट तुटून जात नाही. खाऱ्या हवेत बोल्टाभोवतीचं भोक गंजून मोठं होतं आणि पत्रा वायसरसकट बोल्टावरून निसटतो. नाहीतर जे-हूकचा (इंग्रजी J सारख्या वाकवलेल्या हूकचा) वाक सरळ होतो. म्हणून वायसर रुंद हवा, त्याखाली डांबरी वायसर हवा आणि भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडलेलं हवं, खोलगट भागात पाडू नये. आठ मिलिमीटरचे गॅल्व्हनाइज्ड हूक वापरा. वळचणीच्या, आढ्याजवळच्या आणि दोन्ही टोकांच्या ओळींत दर फुटाला एक हूक घाला. तिथे जे-हूकऐवजी पाइपाला पूर्ण वेढा घालणारा यू-बोल्ट जास्त चांगला. वळचण भिंतीबाहेर दीड फुटाहून जास्त काढू नका, वारा आधी तिथेच पत्र्याखाली शिरतो.

यानंतरचा दुवा लोक विसरतात. पत्रा पाइपाला घट्ट बसला, पण पाइप किंवा वासा भिंतीवर नुसताच टेकलेला असला, तर छप्पर सांगाड्यासकट उचललं जातं. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा घालून त्यातून काढलेल्या सळईला किंवा लोखंडी पट्टीला वासा जखडायला हवा. सुतार आणि वेल्डर दोघांनाही हे करता येतं, आपण सांगावं लागतं.

मंगलोरी कौलं असतील तर कौलाच्या पाठीवरच्या खुंटीला तारेसाठी भोक असतं, ते कोणी वापरत नाही. वळचणीच्या दोन ओळी, कडेच्या ओळी आणि आढ्याची कौलं रिपेला गॅल्व्हनाइज्ड तारेने बांधा. सगळी कौलं बांधायची गरज नाही, सुरुवात कडेपासून होते.

आणि ‘दाब समान राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवा’ हा सल्ला चुकीचा आहे. वारा आत शिरला की तो छपराला आतून ढकलतो, आणि बाहेरून ओढ चालूच असते. दारं-खिडक्या सगळ्या बंद ठेवा, मोठ्या दाराला आतून आडणा लावा.

प्रश्न : सासूबाई ऐंशीच्या आहेत. घर सोडून शाळेत जायला तयार नाहीत. सरपंच, पोलीस येऊन गेले तरी ऐकत नाहीत. काय करावं? (श्रीवर्धन तालुका)

म्हाताऱ्या माणसांना वादळाची भीती नसते असं नाही. शाळेतल्या गैरसोयीची आणि मागे राहणाऱ्या घराची काळजी जास्त असते. संडास लांब असेल, रात्री अंधार असेल, जमिनीवर बसता-उठता येत नसेल, गोठ्यातल्या गाईचं कोण बघणार, दागिने कुठे ठेवायचे. ‘जीव वाचवायचाय’ असं दहा वेळा सांगून या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. एकेका प्रश्नाची सोय आधी लावा. शाळेऐवजी गावातल्याच एखाद्या नात्यातल्या किंवा ओळखीच्या स्लॅबच्या घरी जाता येईल का, ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. आठवड्याची औषधं, चष्मा, काठी, खुर्ची, आधार कार्ड आणि सातबाऱ्याची प्रत एका पिशवीत भरा. गुरांचं दावं सोडा, पत्र्याच्या गोठ्यात बांधून ठेवू नका.

वेळ महत्त्वाची आहे. वारा ५०-६० च्या वर गेला की म्हाताऱ्या माणसाला चालवत नेणं शक्य नसतं, आणि झाडं पडून रस्ते आधीच बंद होतात. वादळ दुपारी येणार असेल तर सकाळी आठच्या आत हलायचं.

हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : वादळाचा डोळा गावावरून गेला तर वारा एकदम पडतो, कधी ऊनही येतं. काही मिनिटांनी किंवा अर्ध्या-पाऊण तासाने तो उलट्या दिशेने तेवढ्याच जोराने सुरू होतो. पहिल्या वाऱ्याने खिळखिळं झालेलं घर तेव्हा पडतं. पत्रा बघायला बाहेर पडलेली माणसं त्यातच सापडतात. वादळ संपल्याचं अधिकृतपणे कळेपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही.

ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळाआधी तिथे दहा लाखांच्या घरात लोक हलवले गेले आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. तिथल्या निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळी जागा, पाणी आणि गुरांची सोय यांचा विचार होतो. आपल्या किनाऱ्यावर ही सोय अजून अपुरी आहे. लोक ‘हट्टी’ आहेत असं म्हणण्याआधी प्रशासनाने ती करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : खोल समुद्रात मोबाइल चालत नाही. इशारा कळणार कसा? (देवगड)

होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर तटरक्षक दलाची सूचना ऐकू येते, पण त्याची पोच किनाऱ्यापासून वीस-पंचवीस सागरी मैलांच्या आसपास असते. २०१७ च्या ओखी चक्रीवादळात केरळ-तमिळनाडूच्या शेकडो खलाशांना इशारा मिळालाच नाही, कारण ते त्यापलीकडे होते. त्यांतल्या कित्येक होड्यांनी तुमच्याच देवगड बंदरात आसरा घेतला होता. त्यानंतर २०१९ मध्ये जेमिनी हे उपकरण आलं. ते उपग्रहावरून संदेश घेतं आणि ब्लूटूथने मोबाइलला देतं. पण ते फक्त ऐकतं, त्यावरून मदत मागता येत नाही. मदतीसाठी वेगळं आपत्कालीन यंत्र होडीवर असावं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

होडी बंदरात असली म्हणजे काम संपलं असं नाही. होड्या एकमेकींना घट्ट बांधल्या तर एकमेकींवर आपटून फुटतात. मध्ये टायर सोडा, खाडीत आत न्या आणि दोर भरतीचं पाणी चढेल इतका सैल ठेवा. वाऱ्याच्या वेळी होडीवर कोणी थांबू नये.

प्रश्न : १८८२ मध्ये मुंबईत वादळाने एक लाख माणसं मेली, असा मेसेज दर वेळी येतो. खरं आहे का? (ठाणे)

नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांत किंवा हवामानाच्या नोंदींत असं वादळ सापडत नाही. मुंबईला बसलेले खरे तडाखे वेगळे आहेत : नोव्हेंबर १९४८ मधलं वादळ आणि ११ नोव्हेंबर २००९ चं फयान. खऱ्या पत्रकावर क्रमांक आणि वेळ असते, चक्रीवादळ तयार झाल्यावर ते दर तीन तासांनी निघतं. वेळ नसलेला मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : इशारा दोन दिवस आधी मिळाला, पण वादळानंतर ना वीज, ना फोन, ना पाणी. त्याचा इशारा कोणी दिला नाही. (मुरुड)

तुमची तक्रार रास्त आहे. वारा, पाऊस आणि लाटा यांचे आकडे पत्रकात असतात, वीज किती आठवडे जाईल ते नसतं. निसर्गनंतर दक्षिण रायगड आणि मंडणगड-दापोलीतल्या बऱ्याच गावांनी कित्येक आठवडे अंधारात काढले. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते, मग डिझेल पोचलं तर टॉवर चालतो. म्हणून पूर्वसूचना येताच टाकी भरून घ्या आणि पिण्याचं पाणी माणशी रोज चार लिटर धरून आठवड्याचं वेगळं ठेवा. विहिरीवर दोर-बादली ठेवा, पंप चालणार नाही. सेलवरचा रेडिओ आणि सुटे पैसे हाताशी असू द्या, एटीएम बंद असतं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ क्रमांक कागदावर लिहून ठेवा. घराचे आणि बागेचे फोटो आधीच काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात.

जनरेटर लावणार असाल तर आधी मेन स्विच बंद करा. नाहीतर तुमच्या घरातली वीज उलटी तारेत जाते, रोहित्रातून तिचा दाब वाढतो आणि ‘लाइन बंद आहे’ असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसतो. जनरेटर घरात किंवा पडवीत चालवू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसला तरी तो जीव घेतो.