अडकलेलं बिल आणि ओरडणारा साहेब

ताई,
मी २९ वर्षांची, मूळची सांगलीची. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि वेबसाइट-अ‍ॅपच्या फ्रंटएंडची कामं फ्रीलान्स घ्यायला लागले. आठ महिन्यांपासून बाणेरच्या एका कंपनीचं काम करतेय, महिना ८०,००० रुपये, आठवड्यातले तीन दिवस त्यांच्या ऑफिसात बसून. करार नाही, ‘ठरल्याप्रमाणे’ एवढंच लिहिलेली एक मेल आहे. शेवटची तीन बिलं मिळालेली नाहीत. सगळ्यात जुन्याला शंभर दिवस झाले. मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडतो, ‘तुझ्यासारख्या छप्पन मिळतात’ म्हणतो, रात्री अकराला मेसेज टाकतो, नवीन कामं ‘त्यातच बसव’ म्हणून माथी मारतो. सोडलं तर पैसे बुडतील, राहिले तर मी आजारी पडेन. आई म्हणते, जुळवून घे. छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, म्हणजे उद्यमचं सर्टिफिकेट माझ्याकडे आहे, करंट अकाउंट उघडताना बँकेने मागितलं होतं, त्याचा काही उपयोग होतो का? आणि हो, तिथला एक सीनियर स्क्रीन बघायच्या निमित्ताने खांद्यावर हात ठेवतो, पण ते जाऊ दे.
— अडकलेली, पुणे

अगं,

तुला तिथे धरून ठेवलंय ते त्या दोन लाख चाळीस हजारांनी. जुने पैसे सुटावेत म्हणून तू दर महिन्याला आणखी ८० हजारांचं काम उधारीवर देतेयस, आणि दावं आणखी आवळलं जातंय. म्हणून पहिली गोष्ट: या महिन्यापासून नवीन काम थांबव. ‘काम थांबवलं तर ते चिडून पैसे देणार नाहीत’ ही भीती मी समजू शकते. पण काम चालू असताना तरी कुठे दिले? काम आपोआप मिळतंय तोवर बिल पास करायची घाई तिथे कुणालाच नसते.

थांबवण्याआधी मात्र दोन-तीन दिवस शांतपणे कागद गोळा कर. कंपनीच्या मेलवर तुझा आयडी असेल तर तो एका मिनिटात बंद होऊ शकतो, आणि तुझा पुरावा त्यातच असतो. तुझी बिलं, ती पाठवल्याच्या मेल, ‘छान झालंय, लाइव्ह करा’ असं कुणी लिहिलं असेल ते, मिटिंगची बोलावणी, दर ठरल्याची ती पहिली मेल, एवढं स्वतःकडे घे. कंपनीचा कोड, ग्राहकांची यादी, पासवर्ड यातलं काहीही घेऊ नकोस. तसं केलंस की चोरीचा आळ तुझ्यावर येतो आणि बिलाचा विषय मागे पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून ठेव, पण मूळ चॅट आणि तो फोनही जपून ठेव. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील हरकत घेतोच.

मग आयकराच्या साइटवर जाऊन तुझं २६एएस, म्हणजे तुझ्या नावावर कापून भरलेल्या कराचा तक्ता, उघड. फ्रीलान्सर मंडळी ते वर्षातून एकदा, रिटर्न भरताना बघतात. टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने बिलातून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो तो पैसे देताना किंवा खात्यात नोंद करताना, यातलं जे आधी घडेल तेव्हा. म्हणजे तुझ्या न मिळालेल्या बिलावर टीडीएस कापलेला दिसला (व्यावसायिक सेवा धरली तर १० टक्के, तांत्रिक सेवा धरली तर २), तर कंपनीने ते बिल आपल्या वहीत खर्च म्हणून घेतलंय. उद्या ‘काम नीट नव्हतं, म्हणून बिल मान्य नाही’ म्हणणं त्यांना फार जड जाईल. नोंद दिसायला वेळ लागतो, कारण टीडीएसची विवरणपत्रं तिमाहीने भरली जातात: पहिल्या तीन तिमाहींची ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारीपर्यंत आणि शेवटचीची ३१ मेपर्यंत. आज दिसलं नाही तर त्यातल्या पुढच्या तारखेनंतर पुन्हा बघ.

आता उद्यमचं. त्या कागदाचं खरं मोल बँकेतल्या खात्यापुरतं नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी मुदत ठरलेलीच नसेल, जशी तुझी, तर १५ दिवस. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम दिलं त्याच दिवशी ते स्वीकारलं असं धरलं जातं. म्हणजे तुझी तिन्ही बिलं जवळपास नक्कीच मुदत उलटलेली आहेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर वर्षाला साडेसोळा. तुझी नोंदणी हे काम सुरू होण्याआधीची आहे ना, ते सर्टिफिकेटवरच्या तारखेवरून खात्री करून घे. नंतरची असली तर पहिला वाद त्यावरच होतो. (ज्यांनी नोंदणी केलेली नाही त्यांनी आजच करा. आधार आणि पॅनवर होते, फुकट होते. पैसे मागणाऱ्या एजंटांच्या साइट आहेत, तिकडे जाऊ नका.)

हे सगळं मॅनेजरला सांगून उपयोग नाही, त्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. मेल जायला हवी अकाउंट्सला, आणि कॉपी एखाद्या डायरेक्टरला. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच करातून वजा करता येतो, अशी तरतूद २०२३ च्या अर्थसंकल्पाने आणली. शिवाय कंपन्यांना अशी ४५ दिवसांवरची थकबाकी दर सहा महिन्यांनी एमएसएमई-१ फॉर्ममध्ये सरकारला कळवावी लागते. अकाउंट्सच्या माणसाला हे दोन्ही पाठ असतं. फक्त तू नोंदणी असलेली आहेस हे त्याला माहीत नसतं, कारण बिलावर उद्यम क्रमांक नसतो. तिन्ही बिलांची यादी नव्याने पाठव आणि त्यावर तो क्रमांक ठळक टाक.

मेल लांबलचक नको. रागाचा, दुखावल्याचा एकही शब्द नको. साधारण अशी:

‘सोबत तीन बिलांचा तपशील जोडला आहे. एकूण २,४०,००० रुपये येणे आहे. माझी उद्यम नोंदणी आहे, क्रमांक बिलांवर दिला आहे. एमएसएमई कायद्याप्रमाणे मुदत संपलेली आहे. ही रक्कम (टीडीएस वजा करून) येत्या सात दिवसांत जमा करावी. तोपर्यंत नवीन काम मी थांबवत आहे. झालेल्या कामाची कागदपत्रं आणि हस्तांतराची टिपणं तयार आहेत. पैसे जमा झाले की त्याच दिवशी देईन. बिलांबद्दल काही हरकत असेल तर ती लेखी कळवावी.’

शेवटचं वाक्य गाळू नकोस. हरकत आली तर निदान मुद्दा काय ते कळतं, आणि नाही आली तर ते गप्प राहणंच तुझ्या कामी येतं.

आठव्या दिवशी एक आठवण. पंधराव्या दिवशी वकिलाकडून नोटीस पाठव, किंवा थेट सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज कर. अर्ज ऑनलाइन होतो. कंपनी देशात कुठेही असो, अर्ज तुझ्या भागातल्या परिषदेकडे करता येतो. आधी समेटाचा प्रयत्न, नाही जमलं तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, तेव्हा त्या पैशांवर घराचा हप्ता अवलंबून ठेवू नकोस. पण परिषदेच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात जायचं तर कंपनीला निवाड्याच्या रकमेचे ७५ टक्के आधी भरावे लागतात, त्यामुळे बरीच प्रकरणं पहिल्या नोटिशीनंतरच मिटतात. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. तुझं प्रकरण तिथवर जाईल असं मला वाटत नाही. लेबर ऑफिसला खेटे घालू नकोस. तू पगारावर नाहीस, बिलावर आहेस, तिथून सहसा परतच पाठवतात.

कितीही डोकं फिरलं तरी त्यांची चालू साइट बंद करायची नाही, कोड पुसायचा नाही, पासवर्ड बदलायचा नाही, ‘पैसे दिले नाहीत’ अशी पाटी होमपेजवर लावायची नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तो गुन्हा होऊ शकतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बाजू पूर्ण खरी असलेली माणसं एका रात्रीच्या रागापायी इथे आरोपी झाली आहेत. तुझ्या हातात वैध मार्ग आहे: नोकर नसलेल्या माणसाने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट मुळात त्याचाच असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर सही केलेला लेख लागतो. तू असा काही कागद सही केलेला नसशील तर ही गोष्ट नोटिशीत एका ओळीत येऊ दे. तेवढी पुरते.

मग बहुतेक फोन येईल: ‘दीड लाख घे आणि मिटव.’ फोनवर हो म्हणू नकोस, ‘मेल करा’ म्हण. माझं मत विचारशील तर सात दिवसांत खात्यात येणार असतील तर दहा टक्के सोडायला हरकत नाही, चाळीस टक्के मुळीच नाही. हप्ते मान्य असतील तर तारखा लेखी घे. त्यात त्यांनी देणं कबूल केल्याची नोंदही आपोआप होते. पुढच्या तारखेचा चेक दिला आणि तो परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस जायलाच हवी, हे डोक्यात ठेव. आणि ‘सर्व हिशेब पूर्ण, काही येणे नाही’ या कागदावर सही पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच करायची, त्याआधी कुणी कितीही गोड बोललं तरी नाही. त्यांचा लॅपटॉप असेल तर परत देताना पोच घे: सिरियल नंबर, चार्जर, तारीख, घेणाऱ्याची सही.

आता त्याच्या ओरडण्याचं. सोडेपर्यंत जे काही दिवस जावं लागेल त्यासाठी एक वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघ: ‘आवाज खाली आला की बोलू. मी माझ्या जागेवर आहे.’ म्हणायचं आणि उठायचं. सफाई देत बसायची नाही, रडू आलं तर येऊ दे, पण तिथे उभं राहायचं नाही. अर्ध्या तासाच्या आत त्याला मेल: ‘आज ११.४० ला झालेल्या बोलण्यात तुम्ही अमुक त्रुटी सांगितल्यात, त्या मी तपासते.’ ओरडण्याचा उल्लेखही नको, वेळ मात्र हवी. आणि एक साधी वही ठेव. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं. ‘खूप अपमान केला’ असं लिहू नकोस, ‘छप्पन मिळतात म्हणाला, समोर टेस्टिंगची दोघं होती’ असं लिही. रात्रीच्या मेसेजला सकाळी दहाला उत्तर. ‘त्यातच बसव’ला उत्तर: ‘हे मूळ कामात नाही. अंदाजे १४ तास, तासाला ९०० प्रमाणे १२,६०० रुपये. मेलवर होकार आला की घेते.’ एकदा आकडा लिहिला की निम्मी ‘छोटीशी’ कामं आपोआप गायब होतात.

आईवर रागावू नकोस. तिच्या डोळ्यांसमोर नोकरी आहे, जिथे जुळवून घेतलं की महिन्याच्या शेवटी पगार तरी होतो. तिला तिन्ही बिलं आणि तारखा दाखव. बहुतेक तीच म्हणेल, सोड.

पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाताना एवढं ठरवून जा: सुरुवातीला ३० ते ४० टक्के आगाऊ, पुढे दर पंधरा दिवसांनी बिल, आणि तीन आठवड्यांच्या कामापेक्षा जास्त उधारी कधीच नाही. बदल किती वेळा, मान्यता देणारा माणूस कोण, मध्येच काम थांबलं तर किती द्यायचं, आणि कोडचा हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावरच जाईल, हे चार मुद्दे मेलवर लिहून समोरच्याचा होकार घेतलास तरी तो करारच असतो. आगाऊ मागितल्यावर जो माणूस दुखावतो, तो बिलाच्या वेळीही दुखावणार आहे. त्याचं काम घेऊ नकोस.

आणि ते खांद्यावरच्या हाताचं. पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंस आणि ‘जाऊ दे’ म्हणालीस. मी जाऊ देणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी बायकांपुरता नाही. कंत्राटी, तात्पुरत्या, अगदी कामानिमित्त तिथे आलेल्या बाईलाही तो लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते, अध्यक्ष स्त्री आणि एक सदस्य बाहेरचा. नावं दर्शनी जागी लावलेली असायला हवीत, ती बघ. समितीच नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, सहा प्रतींत, साक्षीदारांच्या नावांसह. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. बिलाच्या मेलमध्ये हा विषय चुकूनही घालू नकोस, नाहीतर ‘पैशांसाठी आरोप केला’ म्हणायला त्यांना जागा मिळेल. दोन्ही वाटा वेगळ्या ठेव. तक्रार करायची की नाही हे तूच ठरव, मी त्यात तुला ढकलणार नाही. पण मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन वाढवू शकते, त्यावर विसंबू नकोस. तू ऑफिस सोडलंस तरी ते दिवस मोजले जातच राहतात. तेव्हा शेवटचं कधी झालं ते आठव, आणि ती तारीख आज रात्रीच वहीत लिहून ठेव.

— ताई