धर्मशास्त्र की धर्माभ्यास?

प्रश्न असा आला आहे: ‘भाची लंडनला ‘रिलिजस स्टडीज’ शिकते. ‘सायन्स अँड रिलिजन’ हा तिचा एक पेपर आहे. आईला मी ‘ती धर्मशास्त्र शिकते’ असं सांगितलं, तर आई म्हणाली, ‘मग मावसदिराचं सुतक किती दिवस धरायचं, ते विचार तिला.’ या विषयाला मराठीत काय म्हणावं?’

आईंचं अजिबात चुकलेलं नाही. मराठीच्या रीतीप्रमाणे तसं तुमचंही नाही. हिंदीत रसायन विज्ञान, राजनीति विज्ञान. आपल्याकडे रसायनशास्त्र, राज्यशास्त्र. तिकडचा वैज्ञानिक इकडे शास्त्रज्ञ. त्या हिशेबाने धर्माच्या अभ्यासाला धर्मशास्त्र म्हणायला हवं. पण ती जागा केव्हाच भरली आहे. मनू-याज्ञवल्क्यांच्या स्मृती, त्यांवरच्या टीका आणि निबंधग्रंथ (म्हणजे स्मृतींतली वचनं विषयवार गोळा करणारे ग्रंथ), त्यांतले आचार, व्यवहार, प्रायश्चित्त आणि सुतकसुद्धा, हे सगळं धर्मशास्त्र. पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत इतिहास लिहिला तो याचाच. आणि गंमत बघा, काण्यांनी केलं ते काम बहुतांशी धर्मशास्त्राचं नव्हेच! कोणता नियम कोणत्या ग्रंथात, कोणत्या काळी आला, पुढच्यांनी तो कसा वाकवला, हे त्यांनी शोधलं. तुमची भाची शिकते आहे ते या जातीचं काम.

‘शास्त्र’ शब्द ‘शास्’ धातूपासून आला. शास् म्हणजे आज्ञा करणे, शिकवणे; शासन आणि शिष्य हे याच घरचे. शास्त्र मुळात सांगतं, ‘असं कर.’ आधुनिक शास्त्र विचारतं, ‘असं का होतं?’ मराठीने दोन्ही एकाच शब्दात बसवली. म्हणून पाठशाळेत शास्त्री, प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. पूजा शास्त्रोक्त आणि कचऱ्याची विल्हेवाटही शास्त्रोक्त. हल्ली ‘शास्त्र असतं ते’ म्हटलं की पुढे प्रश्न विचारायचा नसतो. धर्मशास्त्रातलं ‘शास्त्र’ याच अर्थाचं.

मग ‘धर्मविज्ञान’? संस्कृतचा पंडित मॅक्सम्युलर याने १८७०मध्ये लंडनला व्याख्यानं दिली, तेव्हा या अभ्यासाला त्याने ‘सायन्स ऑफ रिलिजन’ म्हटलं होतं. तो जर्मन होता, आणि ‘सायन्स’साठी जर्मनमध्ये असलेल्या ‘विसेनशाफ्ट’ या शब्दात इतिहास आणि भाषाभ्यासही बसतात. इंग्रजीत ‘सायन्स’ तितका सैल राहिला नाही, मराठीत ‘विज्ञान’ही नाही. एकेकाळी होता. अमरकोशात मोक्षाविषयीची बुद्धी ती ‘ज्ञान’, आणि शिल्प-शास्त्रांची ती ‘विज्ञान’. ज्ञानेश्वर सातव्या अध्यायात तर ‘येर प्रपंचु हें विज्ञान’, म्हणजे ज्ञान सोडून उरलेला प्रपंच ते विज्ञान, म्हणून मोकळे होतात. आज मात्र ‘धर्मविज्ञान’ नावाचं पुस्तक दिसलं, तर त्यात शेंडी आणि तुळशीचे शास्त्रीय फायदे असणार, अशीच माझी धास्ती. हा शब्द नको.

माझं मत ‘धर्माभ्यास’ला. एक खोच आहे. संस्कृतात ‘अभ्यास’ म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, सराव; हिंदीत अजून तेच. हिंदीभाषकाला ‘धर्माभ्यास’ म्हणजे जपतप वाटेल. मराठी कानाला अभ्यास म्हटल्यावर वही-पुस्तकच दिसतं, म्हणून आपल्यापुरतं चालेल. शिवाय ‘अभ्यासक’ हा चांगला शब्द हाताशी येतो: भाविक असो वा नसो, अभ्यासक असता येतं. श्रद्धेच्या आत उभं राहून ईश्वराचा विचार करते ती थिऑलॉजी. तिला ‘ईश्वरविद्या’ म्हणावं.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला, तेव्हा मराठी माणसाला हा विषय अगदीच परका नाही.

पेपराचं नाव ‘विज्ञान आणि धर्म’ करा; ‘शास्त्र आणि धर्म’ नको, ते दोघे आपल्याकडे एकाच पाटावर बसलेले असतात. ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ही नको. या दोघांचं सनातन भांडण आहे, ही समजूत ड्रेपर या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १८७४च्या पुस्तकाने फार पसरवली. आजचे इतिहासकार ती जशीच्या तशी मान्य करत नाहीत.

आईंना मात्र ‘धर्माभ्यास’ असा जोडशब्द ऐकवू नका. ‘ती धर्मांचा अभ्यास करते’ म्हणा, ‘मां’वरचा अनुस्वार नीट उच्चारून. मावसदिराचं सुतक किती दिवस ते तिला सांगता येणार नाही, पण मृत्यूनंतर विटाळ पाळणारे आणखी कोणकोणते समाज आहेत, यावर ती आईंशी तासभर बोलेल.