चार मिनिटांत मंजूर झालेला विषय

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सोबतची दोन्ही कागदपत्रं वाचली: पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचा मसुदा आणि पालिकेचं जुनं सभागृह ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा प्रस्ताव. बाजूने मत देऊ की विरोधात, एवढंच तू विचारलंयस. त्याचं उत्तर मी देणार नाही. निवडून तू आलीस, हात तू वर करायचास.

पण ही कागदपत्रं तू दोन वेगळ्या लिफाफ्यांत घालून पाठवलीस, तिथे मी अडखळलो. भाडेपट्ट्यातून येणारी एकरकमी रक्कम अंदाजपत्रकात कुठे धरली आहे, ते शोधलंस का? मी शोधलं. जमा बाजूला, शेवटून दुसऱ्या पानावर, 'इतर किरकोळ उत्पन्न' या शीर्षाखाली आहे ती. किरकोळ म्हणे! आणि ती काढून टाकली, तर पगार, वीजबिल आणि दुरुस्त्या यांची तोंडमिळवणी होत नाही. म्हणजे सभागृह भाड्याने द्यायचं की नाही हा प्रश्न सभेपुढे यायच्या आधीच अंदाजपत्रक मांडणाऱ्याने त्याचं उत्तर गृहीत धरलं आहे. उद्या कोणी विरोध केला, तर त्याला विचारतील, 'मग पगार कुठून द्यायचे?'

अंदाजपत्रक वाचायला बसले की नवे सदस्य सरळ खर्चाच्या बाजूला जातात, आपल्या प्रभागातला रस्ता आलाय का ते बघायला. तूही गेली असशील, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण खरी मेख जमेच्या बाजूला असते. तिथे साधारण तीन रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती आले, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती, आणि पुढच्या वर्षी किती येतील. सगळे तिसरा रकाना वाचतात. तू पहिला आणि तिसरा शेजारी ठेवून वाच. जी वसुली प्रत्यक्षात कधी साठ टक्क्यांच्या वर गेली नाही, ती पुढच्या वर्षी एकदम नव्वद टक्के होणार असं लिहिलं असेल, तर तो अंदाज नसतो. खर्च आधी ठरलेला असतो, आणि दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून जमा फुगवलेली असते. वर्षअखेरीला पैसे आले नाहीत की ठेकेदारांची देयकं पुढच्या वर्षात ढकलायची, झालं. लेखा विभागात इतकी वर्षं काढली, म्हणून सांगतो: शिलकी अंदाजपत्रक पाहून मला कधी आनंद झाला नाही. आधी न दिलेल्या देयकांची यादी मागून घ्यायचो.

आता भाडेपट्ट्याकडे येऊ. तिथे माझी एक जुनी चूक आहे, ती तुला सांगायलाच हवी.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका मंडईच्या इमारतीचा करारनामा टिपणीसाठी माझ्या टेबलावर आला होता. मुदत पाहिली, अनामत पाहिली, सुरुवातीचं भाडं बाजारभावाशी ताडून पाहिलं, सगळं ठीक होतं. एका कलमात लिहिलं होतं: 'दर तीन वर्षांनी भाड्यात परस्पर संमतीने वाढ करण्यात येईल.' मी ते वाचलं, पुढे गेलो आणि टिपणीखाली सही केली. सभेत विषय आला तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. त्याच्या आधीचा विषय कुंड्यांच्या खरेदीचा होता, त्यावर तासभर हमरीतुमरी झाली. मग हा विषय पुकारला गेला, सूचक आणि अनुमोदक यांची नावं घेतली गेली, 'मंजूर, मंजूर' झालं. चार मिनिटं. पुढे बावीस वर्षं त्या इमारतीचं भाडं जागचं हललं नाही. भाडेकरूने कधी संमतीच दिली नाही, आणि का द्यावी त्याने? कराराने त्याला तसा हक्कच दिला होता. कोणी लाच खाल्ली नव्हती, कोणी फसवलं नव्हतं. 'परस्पर संमतीने' हे दोन शब्द मला खटकायला हवे होते, ते खटकले नाहीत. तेव्हापासून भाडेवाढीचं कलम मी बोट ठेवून वाचतो. वाढ किती, कधी, कोणत्या सूत्राने, आणि कोणाला न विचारता ती आपोआप लागू होईल का, हे त्यात आकड्यात असायला हवं.

भाडं गोठलं तर काय होतं, याचा हिशेब करून बघ. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ३० वर्षांनी त्याच भाड्याची किंमत आजच्या सहाव्या हिश्श्याच्याही जेमतेम वर उरते. तुझ्या प्रस्तावात वाढ आहे, पण ती पहिल्या दहा वर्षांपुरतीच. पुढची वीस वर्षं त्यात कोरी आहेत.

दुसरा हिशेब एकरकमी रकमेचा. समज, एका मालमत्तेचं भाडं वर्षाला १०० आहे आणि कोणी म्हणालं की ३० वर्षांचं सगळं भाडं आजच घ्या, मी ९०० देतो. घ्यावं का? उद्याचा रुपया आजच्याहून कमी मोलाचा, म्हणून भविष्यातले पैसे वर्षाला ८ टक्क्यांनी कमी करत आजच्या किमतीला आणले, तर ते सुमारे ११२६ होतात. म्हणजे ९०० मध्ये आपण बुडालो. तोच हिशेब १२ टक्क्यांनी केला की उत्तर सुमारे ८०५ येतं, आणि ९०० हा फायद्याचा सौदा दिसू लागतो. इमारत तीच, भाडं तेच, फक्त दर बदलला. सल्लागाराच्या अहवालात शेवटचा आकडा ठळक असतो आणि हा दर कुठेतरी परिशिष्टात असतो. तो कोणी ठरवला आणि तोच का, हे सभेत विचार. उत्तराआधी थोडी शांतता पसरेल, पसरू दे.

शिकागोचं उदाहरण मी कोणालाही सांगतो, तुलाही सांगतो. तिथल्या महापौरांनी शहरातले सुमारे ३६,००० पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी एका खासगी कंपनीला द्यायचा करार २ डिसेंबर २००८ रोजी जाहीर केला, आणि ४ तारखेला नगरसभेने तो ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. पाऊण शतकाचा निर्णय दोन दिवसांत. शहराला सुमारे ११५ कोटी डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, अहवाल दिला की मीटरची शहराच्या दृष्टीने किंमत याहून सुमारे ९७ कोटी डॉलरने जास्त होती. वाद मुख्यतः भविष्यातले पैसे आजच्या किमतीला आणायच्या ह्याच दराचा होता: खासगी गुंतवणूकदाराचा दर धरायचा की शहराचा. आलेला पैसा बहुतेक सगळा काही वर्षांतच अंदाजपत्रकातली तूट भरण्यात संपला. मीटर मात्र गेलेलेच आहेत, इतके की एखादा रस्ता बंद ठेवून पार्किंगच्या जागा अडवल्या, तर शहरालाच कंपनीला भरपाई द्यावी लागते. स्वतःच्या रस्त्यावर! ज्या ४० जणांनी हात वर केले, त्यांच्यापैकी कोणी मुदत संपताना त्या नगरसभेत नसेल. भाडेपट्टा म्हणजे पुढे निवडून येणाऱ्यांच्या अंदाजपत्रकांतून घेतलेली उचल आहे, आणि ज्यांच्या नावावर ती घेतो ते मतदानाला हजर नसतात.

म्हणून एकरकमी पैसा आला, तर तो भांडवली (टिकाऊ) कामाला लागतोय की महसुली (रोजच्या) खर्चाला, हे आधी बघ. एक इमारत देऊन दुसरी टिकाऊ वस्तू उभी राहत असेल किंवा जुनं कर्ज फिटत असेल, तर मी समजू शकतो. पगार दर महिन्याला द्यावे लागतात, सभागृह एकदाच देता येतं. पुढच्या वर्षी काय देणार?

याचा अर्थ भाडेपट्टा वाईटच, असं मी म्हणत नाही. बंद कुलपात वाळवी खात पडलेली इमारत हीसुद्धा उधळपट्टीच, फक्त ती हिशेबात दिसत नाही. प्रत्येक वेळी जास्तीत जास्त भाडं देणाऱ्यालाच द्यावं, असंही नाही. वाचनालय, पाळणाघर, वृद्धांसाठी काही चालवणारी संस्था, यांना कमी भाड्यात जागा द्यायला माझा आक्षेप नाही. इंग्लंडचा १९७२ चा स्थानिक शासन कायदा यात वाचण्यासारखा आहे. सात वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा द्यायचा असेल, तर मिळू शकणारा सर्वोत्तम मोबदला घेणं तिथल्या कौन्सिलवर, म्हणजे पालिकेवर, बंधनकारक आहे. कमी घ्यायचं तर सरकारची संमती लागते. २००३ पासून अशी एक सर्वसाधारण संमती दिलेली आहे: लोकांचं भलं होणार असेल आणि सूट २० लाख पौंडांच्या आत असेल, तर कौन्सिल स्वतः निर्णय घेऊ शकते. पण त्यासाठी आधी मूल्यांकन करून सूट किती, ते मोजावं लागतं. मला यातलं मोजणं आवडतं. सवलत द्या, पण ठरावात आकडा लिहा की आम्ही इतकं सोडतोय आणि अमुक कारणासाठी सोडतोय. 'नाममात्र भाडे' या शब्दाआड किती पैसा जातो, ते पुष्कळदा देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्याच इंग्लंडात, १९८७ मध्ये, लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने देखभालीचा खर्च वाचवायला तीन दफनभूमी १५ पेन्सला विकल्या. एकेक पाच पेन्सला. ज्यांची माणसं तिथे पुरलेली होती ते नातेवाईक पेटून उठले, आणि पुढे त्या जागा कौन्सिलला परत घ्याव्या लागल्या. खर्चाचा रकाना कमी झाला की आपण वाचलो, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी हे सांगतो.

सभेच्या रीतीबद्दल थोडंसं. तुझे प्रश्न लेखी दे, आणि सभेच्या आधी दे. तोंडी प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि इतिवृत्तात 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' एवढंच उरतं. विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवायला सांग, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ती नोंद खरंच आहे का, ते वाचून घे. 'आयत्या वेळचे विषय' पुकारले की घरी जायला उठू नकोस. दिवसभराच्या सभेनंतर, निम्मे सदस्य उठून गेल्यावर, मुदतवाढीचे विषय तिथे येतात. आणि पट्टा घेऊ पाहणाऱ्यांमध्ये तुझं नात्याचं किंवा व्यवहाराचं माणूस असेल, तर आधी सांगून टाक आणि त्या विषयापुरती बाहेर बस. नंतर दुसऱ्याने ते सांगितलं, तर तुझा खरा मुद्दाही कोणी ऐकणार नाही.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. प्रस्तावात 'सभागृह व त्यालगतची मोकळी जागा' असं म्हटलंय. लगतची म्हणजे कुठवर? करारनाम्याच्या मसुद्यात चतुःसीमा लिहिलेल्या आहेत: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला नाला, दक्षिणेला शाळेची भिंत. उत्तरेपुढे नुसता 'पालिकेची जागा' असा शेरा आहे, आणि परिशिष्टातला नकाशा तू पाठवलेल्या प्रतीत नाही. तुझ्याकडे टाचायचा राहिला असेल, तर पाठव. मूळ फाइलीतच नसेल, तर मालमत्ता विभागाकडून मोजणीचा नकाशा मागून घे आणि एकदा स्वतः जाऊन उत्तरेकडून चालून ये. सभा गुरुवारी आहे ना? मग बुधवारी सकाळीच जा, उजेड असताना.

तुझा,
लेखा विभागातला जुना माणूस