दातेरी चाक दिसतंय? आधी होम फोल्डरमधली जुनी प्रत शोधा

लिनक्सवर इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रामचा आयकॉन हरवल्याची तुमची पोस्ट वाचली आणि माझा वाया गेलेला अख्खा आठवडा आठवला. इंकस्केप नीट उघडतं, पण डॉकमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या आयकॉनच्या पट्टीत, त्याच्या चित्राऐवजी दातेरी चाक. यूएसआर-शेअर-ॲप्लिकेशन्समधली डेस्कटॉप फाईल (प्रोग्रामचं नाव आणि आयकॉन सांगणारी छोटी फाईल) तुम्ही सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, उघडून बदललीत, आयकॉन कॅशे (आयकॉनचा साठवलेला संच) नव्याने बनवलात, लॉग आउट करून पुन्हा आलात, तरी चाक हलत नाही. माझंही नेमकं हेच झालं होतं.

तुम्ही बदलताय ती फाईल बहुधा वाचलीच जात नाहीये. होम फोल्डरमध्ये लपलेले फोल्डर दिसायला कंट्रोल-एच दाबा आणि डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात ॲप्लिकेशन्स असं जा. तिथे अक्षरन् अक्षर त्याच नावाची फाईल असेल, तर डेस्कटॉप तीच धरतो, सिस्टीममधली विचारातही घेत नाही.

मी कधीतरी हौसेने वेगळा आयकॉन लावायला सिस्टीमची फाईल तिथे कॉपी केली होती आणि आयकॉनच्या ओळीत डाउनलोड्समधल्या एका पीएनजीचा पत्ता दिला होता. पुढे डाउनलोड्स साफ केलं, पीएनजी गेली. कॉपी केल्याचं मी पार विसरलो होतो. मग रोज रात्री सिस्टीमची फाईल बदलत बसायचो. शेवटी लॅपटॉप एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यांनी फाईल उघडूनही न बघता सांगितलं, "फॉरमॅट मारा." मी ऐकलं, हीच माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. उबंटू (माझी लिनक्स सिस्टीम) पुन्हा टाकलं, प्रिंटर पुन्हा जोडला, मराठी फॉन्ट पुन्हा बसवले. माझं होम डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर) होतं, ते जसंच्या तसं राहिलं. पहिल्यांदा लॉगिन केलं, तर समोर तेच चाक! त्या क्षणी कळलं की दुखणं सिस्टीममध्ये नसून माझ्या होममध्ये आहे. ती एक जुनी फाईल काढली आणि काही सेकंदांत चित्र परत आलं. आयकॉनसाठी कोणी फॉरमॅट सुचवला, तर कृपया ऐकू नका.

तुमची फाईल लगेच डिलीट न करता आधी दुसरीकडे हलवा. स्वतःचा आयकॉन हवाच असेल, तर चित्र डॉट-लोकल-शेअरमधल्या आयकॉन्स फोल्डरमध्ये ठेवा. डाउनलोड्समध्ये कायमची वस्तू ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. पत्ता स्लॅश-होमपासून पूर्ण लिहा. टर्मिनलमध्ये होम फोल्डरसाठी चालणारं टिल्डचं (~) चिन्ह या फाईलमध्ये चालत नाही. पूर्ण पत्ता दिलात तर पीएनजी किंवा एसव्हीजी ही शेपटी हवी, थीममधलं (आयकॉनच्या तयार संचातलं) नुसतं नाव दिलंत तर शेपटी नको. आणि डेस्कटॉप-फाईल-व्हॅलिडेटने काही तक्रार केली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ती कमांड फाईलची मांडणी तपासते, चित्र त्या जागी खरंच आहे का ते बघत नाही.

डॉकमध्ये एकाच प्रोग्रामचे दोन आयकॉन दिसत असतील, तर ते दुखणं निराळं. तिथे डेस्कटॉप फाईलमधली स्टार्टअप-डब्ल्यूएम-क्लासची ओळ खिडकीच्या क्लासशी (प्रोग्राम आपल्या खिडकीला देतो त्या नावाशी) जुळत नसते. नोममध्ये (उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) ऑल्ट-एफ२ दाबून एलजी (lg) लिहा, उघडलेल्या चौकटीतल्या विंडोज, म्हणजे खिडक्यांच्या, टॅबमध्ये तो क्लास दिसतो, तो तसाच उतरवून घ्या.

जाता जाता, डेस्कटॉप मराठीत ठेवणाऱ्यांसाठी. नेमची ओळ बदलूनही मेनूत जुनंच नाव दिसत असेल, तर खाली चौकटी कंसात एमआर (mr, मराठीची खूण) असलेली नेमची दुसरी ओळ शोधा. मराठीत तीच वापरली जाते.

हे सगळं उबंटू आणि नोमवरच्या अनुभवातून लिहिलंय. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये मेनूचा स्वतःचा वेगळा कॅशे असतो, त्याबद्दल केडीई रोज वापरणाऱ्यांनी सांगावं. तुमच्या त्या फोल्डरमध्ये काय सापडलं ते इथे नक्की लिहा. फाईल असेल, तर तिची आयकॉनची ओळ जशीच्या तशी टाका.