गबूला ओढा लगेच ओलांडू देऊ नकोस

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या चित्रकादंबरीची कच्ची पानं पोचली, सवडीनं वाचली. दाजीपूरच्या जंगलातलं गव्याचं वासरू नायक म्हणून घेतलंस, हे फार आवडलं. एवढं थोरलं जनावर, पण मुळात बुजरं. माणसाची चाहूल लागली की झाडीत शिरतं. 'एवढा घोडा झालास तरी भितोस?' हे वाक्य ज्या पोरांनी ऐकलंय, त्यांना गबू पहिल्या पानावरच आपला वाटेल. म्हातारी गायही खरी आहे. गव्यांच्या कळपाचं पुढारपण बहुधा अशा वयस्क मादीकडंच असतं. चुलीपुढं वाळत घातलेलं इरलं, वाकळ, उकडलेल्या शेंगांचं पातेलं, बाहेर लागलेली झड... ही ऊब राधानगरीच्या पावसातली आहे, कुठल्या परदेशी पुस्तकातून उचललेली नाही. त्यात काही बदलू नकोस.

मला अडतंय ते शेवटाकडं. ओढ्याच्या आवाजाला घाबरणाऱ्या गबूच्या पायात काजव्यांची राणी चाळ बांधते, भीती नाहीशी होते आणि तो उड्या मारत पलीकडं जातो. चित्रं देखणी आहेत, पण हे पान काढून टाक असं मी आग्रहानं सांगेन. हे पुस्तक ज्याच्यासाठी आहे ते पोर रात्री वाकळीत तोंड खुपसून वाचणार. शेवटचं पान मिटल्यावर त्याच्याकडं चाळ नसणार, आणि सकाळी शाळेच्या फाटकापाशी पोटात पुन्हा कळ येणार. मग आपल्यातच काहीतरी खोट आहे, असं त्याला वाटेल. भित्र्या मुलाला हे आधीच वाटत असतं. पुस्तकानं त्यात भर घालू नये.

आधी भीती शरीरात दाखव. आत्ता तू गबूच्या डोक्यावर काळा ढग काढलायस आणि फुग्यात 'मला भीती वाटते' असं लिहिलंयस. आठ-नऊ वर्षांचं मूल असं बोलत नाही. ते म्हणतं, पोट दुखतंय. डॉक्टर तपासतात, पोटात काही सापडत नाही, आणि घरचे म्हणतात, नाटकं करतंय. ते नाटक नसतं, दुखणं खरंच असतं. धोका वाटला की शरीर पळायच्या नाहीतर झुंजायच्या तयारीला लागतं. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, तळहात गार पडून घामेजतात, पचन मंदावतं. रैना तेल्गेमायर या अमेरिकी चित्रकर्तीनं २०१९ साली 'गट्स'मध्ये स्वतःच्या लहानपणची पोटदुखी, उलटी होईल ही धास्ती आणि समुपदेशकाकडं जाणं असं सगळं उघडपणे काढलं. मुलांना ते कळतं, पचतं. तेव्हा ढग पुसून टाक. गबूचे कान मागं वळलेले दाखव, खूर मातीत रुतलेले, चरणं थांबलेलं, तोंडातलं गवत तसंच. ओढ्याचा आवाज अक्षरांत काढ आणि चौकटीगणिक अक्षरं मोठी करत ने, इतकी की गबूला उभं राहायला कोपराच उरेल. तिथं फुगा नको. बिनशब्दांच्या तीन-चार चौकटी सलग येऊ देत. चित्रकथेत वेळ चौकटींनी लांबते, आणि भीतीतला वेळ लांबच असतो.

आता धीर येण्याबद्दल. आपल्या गावात धैर्य म्हटलं की डोळ्यांपुढं खासबागेतला पैलवान येतो, भरलेलं मैदान येतं, घुमणारी हलगी येते. पोरगं जरा कचरलं की कुणीतरी म्हणतंच, 'घाबरतोस काय, कोल्हापूरचा हाईस न्हवं!' म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण आधी नुसती भीती होती, तिच्यावर आता लाजही येऊन बसते. खरं तर आपल्याच तालमीत याचं उत्तर आहे. कुठलाही वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी मैदानात सोडत नाही. आधी माती उकरायला लावतो, जोर-बैठका, मग बरोबरीची जोड बघून लढत, आणि कितीतरी दिवसांनी जत्रेतली छोटी कुस्ती. मुलांच्या भीतीवर काम करणारे समुपदेशकही याच वाटेनं जातात. जे टाळावंसं वाटतं त्याच्या पायऱ्या पाडायच्या, सर्वांत खालच्या पायरीवर मूल धडधड थोडी ओसरेपर्यंत थांबतं, मग पुढची. पळून गेलं की तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं होतं, पण पुढच्या वेळी तीच गोष्ट आणखी मोठी दिसते.

गबूला अशाच पायऱ्या दे. एके दिवशी तो लांबच्या जांभळीखाली उभा राहून नुसता आवाज ऐकतो. मग काठावर येतो, आणि परत जातो. परत जाण्याला एक अख्खं पान दे, आणि त्या पानावर कुणी त्याला हसू नये, कुणी समजूतही घालू नये. मग एक खूर पाण्यात. पलीकडं पोचल्यावरही त्याचे पाय लटपटत असू देत. पाय लटपटत असताना तो पलीकडं पोचला, हे चित्र पोराच्या मनात राहिलं पाहिजे, म्हणून ते पान उलटल्यावर समोर येईल असं मांड.

एक गोष्ट कुठल्याही परदेशी पुस्तकात तुला तयार मिळणार नाही, कारण ती आपल्या नदीची आहे. तुझ्या वाचकांतली किती मुलं ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा महापूर बघितलेल्या घरांतली असतील, विचार कर. पावसाळ्यात आपल्याकडं घराघरांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाण्याची पातळी किती, हे विचारलं जातं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे पाढ्यासारखं पाठ असलेली पोरं आहेत इथं. त्यांची पाण्याची भीती पोकळ नाही. म्हणून गबूचं धैर्य म्हणजे 'पाणी असलं तरी घुसायचं' असा अर्थ चुकूनसुद्धा निघता कामा नये. रस्त्यावर आलेल्या पाण्यात गाडी घालणारी मोठी माणसं आपण दरवर्षी बघतो. तू एक प्रसंग घाल: म्हातारी गाय काठावरच्या खडकाकडं बघते, खडक बुडालेला असतो, आणि ती सगळा कळप मागं वळवते. गबू तिला विचारतो, 'तू पण घाबरलीस?' ती म्हणते, 'व्हय.' एवढंच. दुसऱ्या दिवशी खडक उघडा पडतो, पाणी गुडघ्याएवढं असतं, पण गबूच्या कानात आवाज कालचाच असतो. खरा धोका आणि मनात उरलेला धोका यांतला फरक एवढ्या दोन पानांत मुलाला दिसेल. माझ्या मते तुझ्या पुस्तकाचा जीव इथं आहे.

गबूच्या आईचे संवाद मात्र पुन्हा लिही. 'काही होत नाही रे' हे ती सारखं म्हणते. पोर दहादा विचारतं, 'पाणी वाढलं का गं?' आणि आई दहादा म्हणते, 'नाही'. प्रत्येक उत्तरानं क्षणभर बरं वाटतं आणि प्रश्न पुन्हा उगवतो. घरोघरी हे चालतं, म्हणून ते पुस्तकात जरूर असू दे. पण पुढं कुठंतरी आईनं म्हणावं, 'चल, खडक बघून येऊ.' आणि ती शेजारी उभी राहावी, गप.

रंगांचं फार सांगत नाही, तुझा हात चांगला आहे. फक्त भीतीला निळा-काळा आणि धैर्याला पिवळा अशी वाटणी करू नकोस. टाउन हॉलच्या संग्रहालयात जाऊन आपल्या जुन्या चित्रकारांची निसर्गचित्रं निवांत बघ. आबालाल रहमान कोल्हापूरच्या तळ्यांकाठी वर्षानुवर्षं पाणी आणि उजेड रंगवत राहिले. शांत पाण्यातही किती गडद रंग लागतात, ते तिथं कळेल.

अक्षरांकडं तुझं दुर्लक्ष झालंय. आधी फुगा काढून मग त्यात मजकूर कोंबलायस, त्यामुळं वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. देवनागरीला वर-खाली दोन्हीकडं जागा लागते. आधी मजकूर लिही, ओळींत मोकळं अंतर सोड, मग भोवती फुगा काढ. नुकतं वाचायला लागलेलं मूल एका जोडाक्षरावर अडलं की चित्र सोडून देतं.

शेवटच्या कोऱ्या पानावर टेली-मानसचा क्रमांक छाप: १४४१६. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारी सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन कधीही करता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पुस्तक वाचून दाखवणाऱ्या एखाद्या आईबापाला तो लागेल. कारण काही मुलांची भीती गोष्टीनं आवरत नाही. शाळेत जाणं सुटतं, झोप उडते, खाणं तुटतं. तिथं जाणत्या माणसाची मदत घ्यावी लागते, आणि हे त्या पानावर साध्या शब्दांत लिहायला संकोचू नकोस.

नवी पानं झाली की छापखान्याकडं धावू नकोस. आधी गल्लीतल्या चार-पाच पोरांना वाचायला दे आणि काही विचारू नकोस, फक्त कुठल्या पानावर ती थांबतात आणि कुठलं भराभर उलटतात ते टिपून ठेव. ती टिपणं घेऊन ये. पाऊस लागायच्या आत आलीस तर बरं, ओढ्याची पानं आपण दोघं मिळून मांडू.

तुझे,
सर